हुरड्याच्या दिवसांतला उत्तरार्ध

काल सकाळी आमच्या हुरडेवाल्या शेवंतानं हुरड्याची पहिली पाटी अंगणात उतरवली आणि माझी दिवसाची यादी तिथंच थांबली. यादीत कामं बरीच होती. पापडाचं पीठ दळून आणायचं होतं, माळ्यावरच्या गोधड्यांना ऊन दाखवायचं होतं, धाकट्या नातीचा परकर उसवला होता. मी यादीशिवाय दिवस सुरू करत नाही. घरातले हसतात, पण यादीमुळेच सगळ्यांना वेळेवर जेवायला मिळतं हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी हुरडा आला की यादी बाजूला ठेवावी लागते, कारण हुरडा थांबत नाही.

"घ्या वैनी, लई कवळा हाय," शेवंता म्हणाली. "उद्यापतूर ठिवू नगा. मग दाताचं काम न्हाय, जात्याचं हाय."

मी एक कणीस हातात घेतलं. दाणा हिरवट, नखानं दाबला की दूध येणारा. अंगणाच्या कोपऱ्यात दरवर्षीच्या जागी खळगा केला, गोवऱ्या पेटवल्या, कणसं निखाऱ्यात सारली. धूर आधी अंगणभर फिरला, मग बोळात गेला. शुक्रवार पेठेत पौषातली थंडी अशी कोरडी असते की धूरसुद्धा अंगावर घ्यावासा वाटतो. लांबून गिरणीचा भोंगा झाला. तो धूर आणि तो भोंगा एकदम आले की मला काकू आठवतात. अंगणातल्या उन्हात भिंग धरून बसलेल्या, आणि पुस्तकापेक्षा पुस्तक लिहिणाऱ्यावर जास्त रागावलेल्या.

काकू म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाच्या पत्नी. काका माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेले, त्यांना मी पाहिलंही नाही. ते पोस्टात कारकून होते. काकू तेव्हापासून आमच्याच घरात होत्या. धान्य निवडायच्या, वाती वळायच्या, पोरांची भांडणं सोडवायच्या. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांचे केस पिकले होते, आणि घरात सगळ्यांची ठाम समजूत होती की काकूंना अक्षरओळख नाही. कोणी तसं सांगितलं नव्हतं. पण त्यांच्या हातात कधी पुस्तक दिसलं नाही, आणि वर्तमानपत्र आलं की त्या तोंड फिरवून बसत.

ही समजूत मोडली ती माझ्या चिठ्ठ्यांमुळं. त्या वर्षी मी स्वयंपाकघर नीट लावायचं मनावर घेतलं होतं. ह्यांनी गिरणीच्या कचेरीतून जाड कागद आणून दिला. मी खळ शिजवली आणि प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली. काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"सूनबाई, मेथीच्या डब्यावर मोहरी चिकटवलीस की."

मी डबा उघडून पाहिला. मेथीच होती. चिठ्ठी बदलली, आणि मग हात थांबले.

"काकू, तुम्हाला वाचता येतं?"

"येतं की."

"मग कधी वाचताना दिसला नाहीत."

"माझं एक पुस्तक अर्धं राहिलंय," त्या म्हणाल्या. चुलीवर भात आहे, आत्ता उठता येणार नाही, अशा सुरात.

आमच्याकडे पोथीचा एक नियम आहे. एक पोथी अर्धी ठेवून दुसरी उघडायची नाही. काकूंचं वाचन पोथ्यांवरच सुरू झालेलं, त्यामुळं त्यांनी तो नियम छापील पुस्तकालाही लावला होता. एक पुस्तक अर्धं राहिलं, म्हणून तीस-पस्तीस वर्षं दुसरं उघडलं नाही. मी म्हटलं, "डब्यावरचं वाचलंत की." तर म्हणाल्या, "ते वाचणं नव्हे. ते नजरेला पडलं."

कुठलं पुस्तक म्हणून विचारलं, तर त्यांनी देवघराकडं बोट केलं. देवघराच्या कोनाड्यात तांबड्या फडक्यात बांधलेली एक पोथी असे. काकूंची पोथी म्हणून तिला पारोशानं कोणी हात लावत नसे. दसऱ्याला पाट्या-पुस्तकांची पूजा झाली की पोरं तिच्यावरही झेंडूचं फूल ठेवीत. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून काकूंनी ते गाठोडं खाली काढलं आणि माझ्यासमोर सोडलं. आत एका कवीचं चरित्र होतं. पूर्वार्ध.

त्या कवीचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्या कविता आता फारशा कोणी वाचत नाही, आणि मला सांगायचंय ते काकूंचं.

संध्याकाळी हे कचेरीतून आले. त्यांना पुस्तक दाखवलं, तर टोपी काढायचीच विसरले.

"मॅट्रिकच्या परीक्षेला जाताना मी ह्याच्या पाया पडून गेलो होतो," ते म्हणाले.

"पास झालास ना?" काकूंनी विचारलं. "मग झालं तर. कवी भला माणूस होता."

मला हा प्रश्न सोपा वाटला. पूर्वार्ध आहे, उत्तरार्ध नाही, तर उत्तरार्ध आणायचा. मी तो यादीत लिहिला. ह्यांनी वाचनालयात शोध घेतला, आणि आठवड्याभरात उत्तरार्ध घरी आला. पुठ्ठ्याचा कोपरा वाळवीनं खाल्लेला होता, पण पानं सगळी शाबूत. मी तो काकूंच्या पुढं ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

"मध्ये खंड पडलाय," त्या म्हणाल्या. "आता पहिल्यापासून घ्यायला पाहिजे."

इथं माझी पंचाईत झाली. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले होते, अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू. तोवर दिसणं रोज थोडं थोडं कमी होणार होतं. हुरड्याच्या त्या दिवसांत मला हे फार विचित्र वाटे. अंगणात पाटीभर कणसं पडलेली, ती पिकायच्या आत संपवायची, आणि काकूंचे डोळे मात्र पिकायची वाट बघायची. उरलेली नजर पूर्वार्धावर खर्च झाली असती तर उत्तरार्धाला काही उरलं नसतं.

"मी वाचून दाखवते," मी म्हटलं.

"ऐकायचंच असतं तर मला शिकवलं कशाला ह्यांनी? शिकायचं म्हणून किती बोलणी खाल्ली मी सासूबाईंची. हे मी वाचणार."

"पूर्वार्ध तुम्हाला पाठ आहे का?"

"पाठ नसायला काय झालं? तेवढंच तर होतं."

"मग म्हणा. स्तोत्र म्हणताना कुठं पोथी उघडतो आपण? म्हटलं की वाचल्यासारखंच."

काकूंनी विचार केला. माझ्याकडं जरा संशयानं पाहिलं. मग म्हणाल्या, "चालेल."

त्या सकाळी मला अजून जशाच्या तशा दिसतात. पुरुषमाणसं कामावर गेलेली, पोरं शाळेत. अंगणात ऊन भिंतीवरून उतरून तुळशीपर्यंत आलेलं. खळग्यात निखारे, त्यात कणसं. तेव्हा तरणी असलेली शेवंता कणसं उलटीपालटी करायची, भाजलेलं कणीस फडक्यात धरून चोळायची आणि सुपात पाखडायची. गरम दाणे वाटीत पडले की त्यांवर शेंगाची चटणी आणि बाजूला गुळाचा खडा. काकू भिंतीला टेकून कवीचं बालपण सांगायच्या आणि मी मांडीवर पूर्वार्ध उघडून ताडून बघायची. आधी शेवंता कणसं टाकून लगेच जायची. कवी सापडल्यापासून ती जाईना.

काकू पाठ म्हणत होत्या त्यातलं बरंच पुस्तकात होतं. बरंच नव्हतंही. पुस्तकात कवींचा विवाह एका ओळीत उरकला होता. काकूंच्या सांगण्यात मांडवाला आग लागता लागता राहिली, आणि नवरीच्या आत्यानं मानपानावरून दोन दिवस अबोला धरला. पुस्तकात कवी मामलेदार कचेरीत कारकून म्हणून लागले. काकूंच्या सांगण्यात बायको पहाटे उठून भाकरी थापायची, तेव्हा ते लागले.

"काकू, भाकरीचं इथं नाही," मी पानावर बोट ठेवून म्हणायची.

"नसेल. उपाशी गेला होय कचेरीत?"

"कालवण काय हुतं?" शेवंता विचारायची.

"वांग्याचं," काकू एका क्षणाचाही विचार न करता सांगायच्या.

तोवर मी पुस्तकं वाचायची ती यादीतलं काम उरकावं तशी. शेवटचं पान झालं की संपलं. एका अर्ध्या पुस्तकात एवढा जन्म काढता येतो, लिहिणाऱ्यानं जिथं चूल ठेवली नाही तिथं चूल मांडता येते, आणि ती मांडल्यावर माणसं जास्त खरी होतात, हे मला त्या अंगणात कळलं. मला शाळा मिळाली, चांगले मास्तर मिळाले. पण वाचायचं कसं, हे काकूंनी दाखवलं. ते त्यांना कधी सांगायचं सुचलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

पूर्वार्धाचा शेवट असा होता. कचेरीतल्या साहेबानं कवींना क्षुल्लक चुकीवरून भर उन्हात तासभर उभं ठेवलं. कवी आत आले, डोक्यावरची पगडी साहेबाच्या मेजावर काढून ठेवली आणि बोडक्या डोक्यानं रस्त्यावर आले. काकूंनी हे सांगितलं तेव्हा शेवंताच्या हातातलं कणीस तसंच राहिलं.

"मग? पुढं वं?"

"पुढं दुसऱ्या भागात," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

आता उत्तरार्ध उघडायला काही अडचण नव्हती. पण दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, ऊन नीट नाही. मग म्हणाल्या, डाळ निवडायची राहिलीय. मग म्हणाल्या, पाठ दुखतेय. मी रोज यादीत उत्तरार्ध लिहीत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते. कणसं जून व्हायला लागली. शेवंताच्या पाटीत आता कोवळी कणसं वेचून आणलेली असायची, तळाला थोडी. एक दिवस मी सरळ विचारलं.

"काकू, वाचायचंय ना तुम्हाला?"

त्या बराच वेळ सूप हलवत राहिल्या.

"पूर्वार्ध आम्ही दोघांनी वाचला," त्या म्हणाल्या. "एक पान ह्यांनी, एक पान मी. ती पगडी ठेवली ना मेजावर, ते पान ह्यांच्या वाट्याला आलं. पुस्तक मिटलं आणि म्हणाले, मीपण देतो राजीनामा. पोस्टातला साहेब काही कमी नव्हता. आणि आर्या बऱ्या करायचे हे."

"मग?"

"मी म्हटलं, दुसरा भाग येऊ द्या. त्याचं पुढं काय होतंय ते बघू. मग तुम्ही द्या." सूप थांबलं. "हसले. म्हणाले, बरं. दुसरा भाग यायच्या आत मुदतीचा ताप आला. कामावरच आला. पोस्टातनंच आणलं दोघांनी धरून."

मला एवढंच वाटत होतं की त्यांच्या जागी मी असते तर अगदी हेच म्हटलं असतं. दुसरा भाग येऊ द्या. नीट बघू. मग ठरवू. घर चालवणारी कुठलीही बाई हेच म्हणेल.

पोथीचा नियम खराच होता. पण उत्तरार्ध त्या नियमासाठी राहिला नव्हता. नोकरी सोडणाऱ्याचं पुढं काय झालं, हे त्यात लिहिलेलं होतं. ते कळलं की काकांना थांबवलं ते बरं केलं की वाईट, याचाही निकाल लागणार होता, आणि तो निकाल काकूंनी तांबड्या फडक्यात बांधून देवाजवळ ठेवला होता.

त्या दुपारी मी एका बैठकीत उत्तरार्ध वाचून काढला. कवींचे हाल झाले. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली, ते गावोगाव फिरले, आणि त्या फिरण्यातच त्यांनी आपलं मोठं काव्य लिहिलं. आणि एका पानावर चरित्रकारानं स्वच्छ लिहिलं होतं की ती नोकरी सोडली नसती तर हे काव्य जन्मालाच आलं नसतं. मी पुस्तक मिटलं. पुढं काय करायचं ते मला यादीत लिहिता येईना.

आता आमच्या पेठेतल्या बायकांसाठी आठवड्यातून एकदा वाचनालयातून पुस्तकांची पेटी येते. ती मी लावते. नावं लिहिते, कोणाकडे काय गेलंय ते बघते, ज्या बाईला आडवळणाचं मागवायचं असतं तिला मागवून देते. मुली हसत येतात, भांडत पुस्तकं नेतात. पुस्तकाचे दोन भाग असले तर मी दोन्ही बरोबर देते. "एवढं कशाला, आजी, आधी एक वाचते," म्हणतात. मी म्हणते, ने, घरात असू दे. त्यांना कारण सांगत बसत नाही. ही पेटी सुरू करायची धडपड मी केली, असं लोक म्हणतात. तिच्या मुळाशी कोण आहे ते आमच्या घरच्यांना माहीत आहे.

त्या वर्षी, मला सगळं सांगून टाकल्यावर टाळायला कारण उरलं नाही, तेव्हा काकूंनी आपणहून उत्तरार्ध वाचायला घेतला. मी सांगितलं नाही की मी वाचलंय. सकाळी ऊन तुळशीपाशी आलं की त्या पाट ओढून बसत, ह्यांनी आणून दिलेलं भिंग धरत, ओळीखाली बोट ठेवत आणि मोठ्यानं वाचत. एक ओळ, मग डोळे मिटून थांबायचं, मग दुसरी. कवींची बायको माहेरी गेली त्या पानाला त्या चरित्रकारावर चिडल्या. "गेली म्हणे. कशी गेली? गाडीनं की चालत? बरोबर कोण होतं? ह्याला काही विचारावंसं वाटलं नाही?" शेवंतानं सांगितलं की चालतच गेली असणार, आणि धाकटं कडेवर. त्यावर दोघींचं एकमत झालं.

आणि मग ते पान आलं. त्या दिवशी काकूंच्या डोळ्यांना सकाळपासून पाणी येत होतं. पानाच्या मध्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"एवढं पान तू वाच. उरलेलं मी बघते."

मी वाचायला लागले. ते वाक्य पुढं दिसत होतं. त्याच्या आधीच्या वाक्याशी मी थांबले.

"थांबलीस का? अक्षर पुसलंय?"

"नाही."

"मग आहे ते वाच. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मी वाचलं. निखाऱ्यांत एक कणीस तडतडलं, ते शेवंतानं काढलं. काकू समोरच्या भिंतीकडं बघत होत्या.

"खरं असेल," त्या म्हणाल्या. "ह्यांनीही लिहिलं असतं काहीतरी. मी थांबवलं."

"तुम्ही थांबा म्हणालात, काकू. नको नाही म्हणालात."

"ते मला नको शिकवूस. थांबा आणि नको यांत कितीसं अंतर असतं, ते बायकांना चांगलं ठाऊक असतं."

शेवंता उठून गोवरी आणायला गेली. मग काकू पुन्हा बोलल्या, आणि त्या माझ्याशी बोलत होत्या की कोणाशी, ते मला नीट सांगता येणार नाही.

"पोस्टातनं आले की हातपाय धुवायचे आणि दिवा घेऊन माझ्यासमोर पाटी धरून बसायचे. डोळ्यांत झोप असायची. तरी बसायचे. मला ळ येईना, किती दिवस येईना. चिडले नाहीत कधी. आर्या करायला दिवसात तेवढाच वेळ होता त्यांना, तो माझ्या ळ मध्ये गेला." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मी इतकी वर्षं एकच धरून बसले, की थांबवलं मी. आणि त्यांनी दिलं ते मोजायचं राहूनच गेलं बघ."

मग त्यांनी हात पुढं केला.

"दे इकडं. शेवट मी वाचते."

शेवट वाचायला त्यांना आणखी काही दिवस लागले. शेवटच्या पानावर कवी गेले, फार म्हातारे न होता, तापानंच. काकूंनी तिथं भिंग पुसलं आणि पुढं वाचायला घेतलं. शेवटची ओळ त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचली, आणि वाचून झाल्यावर ती पुन्हा एकदा सलग वाचली, न अडखळता. पोथी संपली की आमच्याकडे नमस्कार करतात, नैवेद्य दाखवतात. मी वाट बघत होते. काकूंनी पुस्तक मिटलं, पुठ्ठ्यावरची राख झटकली आणि माझ्या हातात दिलं.

"वाचनालयाचं आहे ना? वेळेवर परत कर. आणि येताना दुसरं आणायला सांग."

"कुठलं सांगू?"

"मला काय माहीत? मी थांबल्यापासून काय काय छापलंय ते तुम्हालाच ठाऊक." त्या उन्हात पाट सरकवत होत्या. "फार जाड नको. डोळे पुरायला पाहिजेत."